सिंबल काढून ठेवा

मागच्या अंकात एका वाचकाला सात मात्रांची पाश्चात्त्य गाणी हवी होती. त्याला मी जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा पहिला गायक पीटर गेब्रिएल याचं ‘सॉल्सबरी हिल’ ऐकायला सांगितलं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून सगळं पान या एका माणसाला देतोय. मी तीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले आणि त्याहून जास्त वर्षं हा गायक ऐकत आलो, त्यामुळे जे लिहितोय ते ड्रमच्या मागे बसून जसं ऐकू आलं तसं आहे.

प्रश्न : काका, जेनेसिस म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर फिल कॉलिन्सच येतो. त्याच्या आधी दुसरा गायक होता हे तुमच्या उत्तरातून कळलं. मग गेब्रिएलने बँड का सोडला? भांडण झालं होतं का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

भांडण झालं नव्हतं. घुसमट मात्र होती, आणि ती दोन्हीकडे होती.

हे शाळेतले सोबती. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात चार्टरहाउस नावाची जुनी निवासी शाळा आहे. तिथे 1967 मध्ये गेब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स एकत्र आले. कॉलिन्स आला 1970 मध्ये. ड्रमरची निवड गेब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी होती. कॉलिन्स वेळेआधी पोहोचला, तेव्हा त्याला सांगितलं, तोवर घरच्या तलावात पोहून घे. पोहता पोहता तो आधीच्या ड्रमरांना काय वाजवायला सांगतात ते ऐकत राहिला. त्याची पाळी आली तेव्हा ते सगळे तुकडे त्याला पाठ झाले होते! स्वतः गेब्रिएलही शाळेत ड्रमच वाजवायचा, आणि पुढे गायक झाल्यावरही मंचावर एक बेस ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, स्वतःजवळ ठेवायचा. हे लक्षात असू दे, पुढच्या उत्तरात लागेल.

सप्टेंबर 1972 मध्ये डब्लिनच्या बॉक्सिंग स्टेडियममध्ये कार्यक्रम होता. गाण्यातलं मधलं वादन चालू असताना गेब्रिएल आत गेला आणि परत आला तो बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून. बँडमधल्या कुणालाही त्याने आधी सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यांत वर्तमानपत्रांना त्याचेच फोटो हवे झाले. नंतर फुलाच्या पाकळ्यांचा मुखवटा आला, वटवाघळाचे पंख आले. 1974 च्या ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’च्या दौऱ्यात तर गाठीगाठींचा असा अवजड पोशाख होता की त्यात माइक तोंडापर्यंत धड पोहोचायचा नाही. मागे बसणाऱ्याला याचा काय त्रास होतो ते मी जाणतो. गायकाचा शब्द ऐकू आला नाही तर आपण कुणाच्या आधाराने वाजवायचं? चौघांनी रक्त आटवून संगीत रचायचं आणि लोक मुखवट्यांबद्दल बोलत घरी जायचे, ही त्यांची बाजूही मला पटते.

पण खरं कारण मला घरातलं वाटतं. जुलै 1974 मध्ये गेब्रिएलला पहिली मुलगी झाली. तिची प्रकृती जन्मतःच नाजूक, पहिले कित्येक दिवस ती काचेच्या पेटीत. मुलगी लंडनच्या रुग्णालयात आणि बँड वेल्समध्ये त्याच अल्बमच्या कामात. बाप दोन्हीकडे धावत होता. बाकीची विशीतली पोरं, त्यांना काम अडलंय एवढंच दिसत होतं. तेव्हा आपण त्याला समजून घेतलं नाही, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं.

नोव्हेंबर 1974 मध्ये अमेरिकेत, क्लीव्हलँडच्या मुक्कामात, त्याने बाकीच्यांना सांगितलं की मी जाणार. आणि सांगूनही तो मे 1975 पर्यंतचा पूर्ण दौरा गायला. त्यानंतर बँडने नवा गायक शोधायला शेकडो जणांच्या टेप ऐकल्या आणि शेवटी माइक दिला मागे बसलेल्या कॉलिन्सला. म्हणजे तुझ्या डोळ्यासमोर येतो तो माणूस तिथे उभा राहिला तो असा.

गेब्रिएल बाथ शहराजवळ घरी राहिला, भाजीपाला लावला, पियानो घोटला. 1977 च्या सुरुवातीला पहिलं गाणं आलं तेच ‘सॉल्सबरी हिल’. ही बाथजवळची खरी टेकडी आहे, माथा सपाट, वर लोहयुगातल्या गढीच्या खुणा. गाणं बँड सोडण्याबद्दलच आहे. मात्रा सात, पण रूपक तालासारखी तीन-दोन-दोन मोजायला जाऊ नकोस, फसशील. पायाचा ठोका सरळ, एकसारखा चालतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं सगळं नेहमीचंच आहे, आणि दर आवर्तनात एक पायरी कमी पडते. ध्रुवपदाच्या शेवटी मात्र चार मात्रा येतात आणि पाय जमिनीला लागतात. टेकडी चढून माथ्यावर पोहोचल्यावर श्वास सुटतो, अगदी तसं.

आणखी एक गोष्ट सांगतो. जुलै 1986 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जेनेसिसचं ‘इनव्हिजिबल टच’ होतं. त्याला खाली ढकललं कुणी? गेब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ने. शाळेत एकत्र सुरुवात केलेल्या मुलांची ही गाणी!

प्रश्न : मी ढोलकी आणि ऑक्टोपॅड वाजवतो. गेब्रिएलच्या 1980 च्या अल्बममध्ये एकही सिंबल, म्हणजे ड्रमसेटवरची धातूची झांज, नाही असं ऐकलं. हे खरं का? सिंबलशिवाय ड्रमसेट म्हणजे जेवणात मीठच नाही, असं मला वाटतं.
— एक वादक, कोल्हापूर

खरं आहे. गेब्रिएलने ड्रमरना सांगून टाकलं की या अल्बमवर धातूचं काही वाजणार नाही. क्रॅश नाही, राइड नाही, हाय-हॅट नाही, सिंबलचा कुठलाच प्रकार नाही. हे सांगणारा स्वतः ड्रम वाजवत मोठा झालेला होता, म्हणून हे त्याला सुचलं. आणि पहिल्याच गाण्याला, ‘इंट्रूडर’ला, ड्रमवर कोण? फिल कॉलिन्स. ज्याने त्याची जागा घेतली तोच. दोघांच्या मनात अढी असती तर हे झालंच नसतं.

लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओतली गोष्ट. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम. वादक खोलीत काय बोलतात ते काचेपलीकडे ऐकू यावं म्हणून तिथे एक माइक टांगलेला असतो. कुजबुजलेलंही कळायला हवं, म्हणून त्यावर मोठा आवाज कडक दाबून बारीक आवाज वर आणणारा कंप्रेसर लावलेला. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक उघडा राहिला, आणि काचेपलीकडे ड्रमचा आवाज आला तो खोलीच्या भिंती अंगावर आल्यासारखा. मग त्यावर त्यांनी गेट लावला. गेट म्हणजे आवाज एका पातळीखाली गेला की वाट बंद करणारं यंत्र. घुमारा फुगतो आणि विरायच्या आत धाडकन कापला जातो. देवळाच्या गाभाऱ्यात ढोलावर टिपरू पडावं आणि त्याच क्षणी कुणी दार लावून घ्यावं, असा तो आवाज.

आता तुमचा मिठाचा मुद्दा. सिंबलचा नाद लांब रेंगाळतो. तो असता तर गेट बंदच झाला नसता, आणि घुमाऱ्याला लागणारी जागा त्यानेच भरून टाकली असती. सिंबल काढले म्हणून तो आवाज जन्माला आला. वर्षभरात कॉलिन्सने तोच आवाज स्वतःच्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये वापरला. तीन मिनिटं उलटून गेल्यावर खरे ड्रम कोसळतात ते गाणं. पुढची दहा वर्षं जगभर ड्रम तसेच वाजले, आपल्याकडच्या हिंदी गाण्यांतही.

1990 च्या पावसाळ्यात कामं नव्हती. मी क्रॅश, राइड, हाय-हॅट सगळे काढले, गोधडीत गुंडाळून पलंगाखाली ठेवले आणि महिनाभर नुसत्या ड्रमवर रियाझ केला. पहिल्या दिवशी दर तुकड्याच्या शेवटी उजवा हात आपोआप वर जायचा आणि हवेत फिरून यायचा. आठवडा गेला तरी जायचा. तेव्हा कळलं, सम कुठे आहे हे मी इतकी वर्षं क्रॅश मारून लोकांना ओरडून सांगत होतो. आता ती फ्लोअर टॉमवर, म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या ड्रमवर, आणि पायावर आणावी लागली. तिसऱ्या आठवड्यात ती आली, आणि आली तेव्हा शेजारच्या खोलीतली माझी आई म्हणाली, “आज काहीतरी वेगळं वाजवतोस.”

आणि तुम्ही तर ढोलकीवाले! लावणीचा तोडा संपतो तेव्हा सम कोण सांगतं? ढोलकीच ना? तिथे कुठे लागतं सिंबल? ऑक्टोपॅडवरचे क्रॅशचे पॅड एक आठवडा बंद करून बघा आणि मला लिहा.

जाता जाता, हाच अल्बम अमेरिकेतल्या कंपनीने नाकारला होता, आणि ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला.

प्रश्न : गेब्रिएलच्या पहिल्या चारही अल्बमचं नाव ‘पीटर गेब्रिएल’च आहे. जुन्या बाजारात तबकड्या घेताना गोंधळ होतो. काही खूण?
— तबकड्यांचा संग्राहक, नागपूर

मुखपृष्ठ बघा. पावसाच्या थेंबांनी भरलेली गाडी म्हणजे 1977. बोटांनी कागद ओरबाडल्यासारखं चित्र म्हणजे 1978. वितळणारा चेहरा म्हणजे 1980. लोक त्यांना कार, स्क्रॅच, मेल्ट याच नावांनी ओळखतात. 1982 चा चौथा अमेरिकेत ‘सिक्युरिटी’ नावाने निघाला. तिसऱ्या आणि चौथ्याच्या जर्मन भाषेत गायलेल्या आवृत्त्याही आहेत, हाती लागल्या तर सोडू नका. एकच नाव ठेवण्यामागचा त्याचा विचार साधा होता. मासिकाचं नाव दर अंकाला बदलत नाही, आतला मजकूर बदलतो.

प्रश्न : गेब्रिएल कधी भारतात आला होता का?
— एक वाचक, सोलापूर

आला होता, आणि मी तिथे होतो.

अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने 1988 मध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षं झाली म्हणून जगभर कार्यक्रम केले. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन, सेनेगलचा युसू एन्दूर आणि गेब्रिएल. 30 सप्टेंबरला दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. मी सत्तावीस वर्षांचा. गणपती नुकतेच झाले होते, दहा दिवसांची बिदागी खिशात होती आणि पितृपंधरवडा लागल्यामुळे ऑर्केस्ट्राला एकही सुपारी नव्हती. पुण्याहून झेलम पकडली. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती दिल्लीपर्यंत पुरली.

बहुतेक गर्दी स्प्रिंगस्टीनसाठी आली होती. मी आलो होतो ‘बिको’साठी. स्टीव्ह बिको हा दक्षिण आफ्रिकेतला कृष्णवर्णीयांचा तरुण नेता. सप्टेंबर 1977 मध्ये पोलिसांच्या कोठडीत मारहाणीनंतर तो मेला, वय तीस. गेब्रिएलने त्याच्यावर हे गाणं केलं ते 1980 मध्ये, त्याच बिनसिंबलच्या अल्बमचं शेवटचं गाणं. दक्षिण आफ्रिकेत त्यावर बंदी आली. ज्या वर्षी मी ते दिल्लीत ऐकलं तेव्हा नेल्सन मंडेला अजून तुरुंगात होते.

त्या गाण्याचा ठेका अगदी थोडा आहे. धीम्या लयीत एक जड ठोका, मग मोकळी जागा, मग पुन्हा तोच. अंत्ययात्रेतल्या वाद्यासारखा. शेवटी शब्द थांबतात आणि नुसता एक स्वरसमूह उरतो, जो कुणालाही गाता येतो. माझ्या शेजारी एक वयस्कर सरदारजी होते, बहुधा मुलाला सोबत म्हणून आलेले. संध्याकाळभर ते हाताची घडी घालून उभे होते. त्या स्वरांवर त्यांनी घडी सोडली आणि गाऊ लागले. मंचावरचे वादक एकेक करून वाद्य ठेवून निघून गेले, गायकही गेला, शेवटी मनू कात्शेचा ड्रम तेवढा राहिला आणि स्टेडियम गात राहिलं. मग तोही थांबला. पुढच्या गायकाची तयारी सुरू झाली तरी आमच्या बाजूला लोक गात होते.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. इतका कमी वाजवून इतक्या माणसांना कसं धरून ठेवता येतं, याचा विचार करत बसलो. दोन वर्षांनी सिंबल पलंगाखाली गेले ते या रात्रीमुळे.

भारताशी त्याचा दुसरा धागा व्हायोलिनवादक एल. शंकर यांचा. ‘पॅशन’ या 1989 च्या अल्बमवर त्यांचं दुहेरी व्हायोलिन आहे. त्याच अल्बमवर नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा आलाप आहे, तो रात्री दिवे मालवून ऐका.

प्रश्न : तो अजून गातो का?
— शाळेतली संगीत शिक्षिका, रत्नागिरी

गातो! तुम्हाला आवडेल असं सांगतो. 2023 मध्ये त्याने ‘आय-ओ’ नावाच्या अल्बमची गाणी दर पौर्णिमेला एक अशी प्रसिद्ध केली. पहिलं 6 जानेवारीला, आपल्या शाकंभरी पौर्णिमेला. त्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण होता, त्यामुळे ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा आल्या आणि नोव्हेंबर संपायच्या आत बारा गाणी पुरी झाली. 1 डिसेंबरला अख्खा अल्बम निघाला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. त्यातलं ‘अँड स्टिल’ त्याने आपल्या गेलेल्या आईसाठी केलंय.

प्रश्न : मी एका बँडची मुख्य गायिका आहे. नऊ वर्षं आम्ही पाच जण एकत्र आहोत. मला चार महिन्यांची मुलगी आहे, तिची तब्येत तोळामासा असते. मला थांबायचंय, पण बाकीचे म्हणतात, तू गेलीस तर बँड संपला. काय करू?
— एक गायिका, ठाणे

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी माझी चूक सांगतो. 1993 च्या सुमाराला आमच्या ऑर्केस्ट्राचा मुख्य गायक असाच एके दिवशी म्हणाला, मला थांबायचंय. त्याचा मुलगा आजारी असायचा, बायको एकटी पडली होती. आम्ही त्याला नको ते बोललो. सर्वांत जास्त मी बोललो, कारण वर्षाच्या सुपाऱ्या मीच घेतल्या होत्या. पुढे काही महिन्यांनी तो स्वारगेटला दिसला, मुलाला कडेवर घेऊन गाडीची वाट बघत होता. त्याने हात केला. मी न बघितल्यासारखं करून पुढे गेलो. गेब्रिएलची सगळी कथा तेव्हा मला तोंडपाठ होती, तरी. पुढे मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा केला, पण मधली सहा वर्षं गेली ती गेलीच.

म्हणून तुम्हाला आणि तुमच्या चार सोबत्यांना दोघांनाही सांगतो. थांबा, ताई. पण आजच सांगा, आणि घेतलेले कार्यक्रम जमतील तेवढे पूर्ण करा. नोव्हेंबरात सांगून मेपर्यंत गायलेल्या गेब्रिएलवर बँडला राग होता, पण फसवल्याचा आळ कुणी घेतला नाही. आणि बँड संपेल म्हणताय, तर जेनेसिसला सगळ्यांत मोठं यश गेब्रिएल गेल्यानंतर मिळालं. तुमच्यातही मागे बसलेला कुणी गाणारा असेल. तुम्ही असताना त्याला कधी माइक मिळालाच नसेल.

आणि हे जरूर वाचून दाखवा. 1982 मध्ये गेब्रिएलने मित्रांबरोबर इंग्लंडमधल्या शेप्टन मॅलेट इथे वोमॅड नावाचा महोत्सव भरवला. जगभरचे कलाकार, बुरुंडीचे ढोलवाले, सगळे एका मैदानावर. संगीत अप्रतिम झालं आणि हिशेब पार बुडाला. घेणेकरी दारात आले, धमक्या आल्या. तेव्हा धावून कोण आलं? ज्यांना तो सात वर्षांपूर्वी सोडून गेला होता तेच. 2 ऑक्टोबरला मिल्टन कीन्सच्या उघड्या मैदानात भर पावसात जेनेसिसने गेब्रिएलला घेऊन कार्यक्रम केला, तो त्याचं कर्ज फेडायला. त्याला शवपेटीत घालून मंचावर आणलं आणि त्यातून तो बाहेर आला. कॉलिन्स पुन्हा मागे ड्रमवर बसला. वोमॅड वाचला, आणि नुसरत साहेबांना युरोपने रात्रभर जागून ऐकलं ते त्याच वोमॅडमध्ये, 1985 साली.

मार्च 2022 मध्ये लंडनला जेनेसिसचा अखेरचा कार्यक्रम झाला. कॉलिन्स आजारपणामुळे खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा होता. गेब्रिएल प्रेक्षकांत बसून ऐकत होता.

तुमचा शेवटचा कार्यक्रम कुठे, कधी, ते कळवा. मी पुण्याहून येईन. मुलीलाही आणा, मात्र स्पीकरपासून लांब बसवा आणि कानांवर काहीतरी बांधा.